कपबशी वाजली की पास

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. लेथखाली लोखंडाचा चुरा साठतो, तसे ते साठतात. रोज झाडून काढा, तरी थोडा चपलेला चिकटून घरी येतोच. तात्यांच्या कारखान्यातले किस्से माझ्याकडे असेच आले. चौघांत बसलो की कोणीतरी म्हणतं, "किस्ना, तो पैलवानाचा सांग की!" पण बोलायला मी पहिल्यापासून कच्चा. पैलवान पाटावर बसायच्या आतच माझी वाक्यं संपतात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावेत.

कारखाना आपला म्हणायला. नगरच्या माळीवाड्यात दोन खोल्या, एक लेथ, एक ड्रिल मशीन, आणि मागच्या दाराला लागून तात्यांचं घर. तिथं आम्ही शेवयांची मशिनं बनवायचो. बिडाचं भांडं, आत पितळी मळसूत्र, तोंडाला बारीक भोकांची चकती, मागं हँडल आणि खाली पाटाला आवळायचा स्क्रू. वरून कणकेचा गोळा घाला, हँडल फिरवा, समोरून शेवया!

तात्या आधी एका साखर कारखान्यात फिटर होते. मी पाथर्डीकडचा. आमच्या घरचे दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला निघायचे, त्यांच्यामागं मीही. त्या ये-जा करण्यातच सातवीत शाळा सुटली आणि हातात कोयता आला. चार हंगाम तो धरला. एकदा तात्यांनी मला बैलगाडीचा मोडलेला खिळा तारेनं बसवताना पाहिलं आणि विचारलं, "ऊसच तोडायचाय का मशीन जोडायचंय?" मी मान हलवली. कुठल्या प्रश्नाला हलवली ते त्यांनीच ओळखलं आणि मला नगरला आणलं.

तो कोयता परत हातात धरायचा नाही, एवढी एकच गोष्ट मला पाहिजे होती. बाकी मला फारसं काही मागताच यायचं नाही.

*

मशीन उत्तम. तात्यांचा हातच तसा होता. पण विकायचं कोणी? तात्या दुकानदारासमोर उभे राहिले की मशीनचे दोषच आधी सांगायचे. पगारी माणूस ठेवायची ऐपत नव्हती. शेवटी ठरलं, एजंट नेमायचे. जेवढी विक्री तेवढं कमिशन. विक्री नाही तर रामराम.

दारावर लावायला पाटी रंगवून घेतली. पेंटर म्हणाला, "कमिशन भरपूर, असं मोठं काढू का?"

तात्या म्हणाले, "न्हाई. आधी खरं ते सांगायचं."

मग वरच्या ओळीत मोठ्या तांबड्या अक्षरांत आलं, 'पगार नाही'. त्याखाली मध्यम अक्षरांत 'एजंट पाहिजेत'. कमिशन एकदम तळाला, आणि तिथं दिवसभर कोणाची ना कोणाची सायकल टेकलेली.

पहिल्या दिवशी अकरा माणसं आली. कामासाठी एकही नाही! शेजारचे तेलघाणीवाले आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तात्या, एवढी येळ आली व्हय? पाटी लावायची, पर आमाला बोलायचं न्हाई?" समोरच्या घरातून झाकून भाकरी आल्या. संध्याकाळी एक जण पायलीभर ज्वारी ठेवून गेला.

काकी, म्हणजे तात्यांची बायको, कपाळाला हात लावून बसल्या. "परत दिऊन या सगळं. लाज आनली पाटीनं."

तात्या ज्वारीत हात घालून बघत होते. म्हणाले, "परत कशाला? पहिलं कमिशन आलंय!"

*

पाटी बदलली आणि माणसं यायला लागली. आता त्यांतून निवडायचा कोण, हा प्रश्न. तात्यांना माणसांतलं कळायचं नाही. ते समोरच्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या सायकलच्या बेअरिंगचा आवाज ऐकत बसायचे. म्हणून त्यांनी एक पद्धत काढली. जो येईल त्याला स्वयंपाकघरात काकींच्या पुढं बसवायचं आणि सांगायचं, "हिला मशीन इक."

काकींना मशीन विकणं म्हणजे! त्या शेवया हातानं करायच्या. तिरप्या पाटावर कणकेची वळी लांबवत न्यायच्या, आणि ती केसाएवढी होईपर्यंत तुटायची नाही. आमच्या मशीनला त्या मशीन म्हणायच्याच नाहीत. "त्या तुमच्या सुतळ्या," म्हणायच्या. शेवयांच्या मशीनचा कारखाना मागच्या दाराला, आणि घरात मशीन नाही! बाजारात लोक तात्यांना यावरून हसायचे, तात्याही हसायचे.

माझं काम, पाटाला मशीन आवळून द्यायचं, कणकेचा गोळा ठेवायचा आणि उंबऱ्याशी बसायचं. त्यामुळे सगळ्या परीक्षा मी पाहिल्या.

निकाल काकी तोंडानं सांगायच्या नाहीत. माणूस पसंत पडला तर त्याला चहा, नाही पडला तर पाणी. तात्या बाहेर लेथ बंद करून कान देऊन उभे. आत तांब्या वाजला की नापास, कपबशी वाजली की पास!

एकदा तात्या मला म्हणाले, "किस्ना, हसतोस काय? एक दिवस तुलाबी तितं बसावं लागंल."

त्या दिवसापासून परीक्षा बघताना माझं हसू बंद झालं.

*

पहिला आला पोपट. तो टुरिंग टॉकीजच्या टांग्यातून कर्णा घेऊन गावोगाव ओरडत फिरायचा. आवाज असा, की लेथ चालू असला तरी ऐकू यायचा. काकींच्या पुढं बसला आणि सुरू झाला. मशीनचं बीड, मशीनचं पितळ, मशीनमुळे सासू-सुनांत नांदणारं सुख! पाऊण तास. मी उंबऱ्यावर बसून मनातल्या मनात म्हणत होतो, देवा, यातली चार वाक्यं मला दे.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "आत पीठ ऱ्हातं ते कसं काढायचं?"

पोपट थांबला. मशीन इकडून बघितलं, तिकडून बघितलं. त्यानं ते उघडून कधी पाहिलंच नव्हतं. म्हणाला, "काकी, राहूच द्या की आत. घरचंच पीठ आहे!"

तांब्या वाजला.

पण गडी चिवट. आठ दिवस रोज माझ्याशेजारी बसून मशीन उघडायला, पुसायला, जोडायला शिकला. नवव्या दिवशी परत आत गेला आणि एक शब्द न बोलता मशीन खोलून, साफ करून, जोडून दाखवलं. कपबशी वाजली. बाहेर येऊन मला म्हणाला, "किस्ना, आयुष्यात पहिल्यांदा गप बसलो आणि पहिल्यांदा नोकरी लागली!"

*

आता पैलवानाचा. तो भिंगारच्या तालमीतला. उरात हवा, मनात काही नाही. माझ्या हातातून मशीन काढून घेतलं आणि म्हणाला, "सरक, मी आवळतो." आणि असं आवळलं, की पाट उभा चिरला! दोन फळ्या दोन बाजूंना पडल्या.

काकी म्हणाल्या, "पाट माझ्या माहेरचा हुता."

पैलवान घामानं डबडबला. तांब्या वाजला, तो त्यानं एका दमात संपवला. दुसरा दिला, तोही संपवला. नमस्कार करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. डोक्यावर नवा कोरा सागवानी पाट, चार बोटं जाड. काकींपुढं ठेवला आणि म्हणाला, "काकी, ह्यो आमच्या वस्तादालाबी फुटायचा न्हाई. म्या बघितलंय."

एजंट तो झाला नाही. पण पुढच्या सगळ्या परीक्षा त्याच पाटावर झाल्या.

*

घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करणारा गेनू आमच्याकडे आला तेव्हा तात्यांना फार आनंद झाला. ज्यानं अडेल बैल विकले, त्याला मशीन काय अवघड? काकींनी चहाही दिला. गेनू बारा मशिनं घेऊन गेला, आणि एका बाजारात बाराच्या बारा खपली!

तात्यांनी पेढे आणले. पोपटाचं तोंड उतरलं. मी पुढच्या मशिनांच्या चकत्या पाडायला घेतल्या.

पंधरा दिवसांनी गेनूला माल द्यायला म्हणून मी आणि तात्या घोडेगावला गेलो. बघतो तर लिंबाखाली ओळीनं बारा माणसं बसलेली, प्रत्येकाच्या पुढ्यात आमचं मशीन. मशिनाला हळद-कुंकू, वर खण, एकावर तर नारळसुद्धा! लेक सासरी धाडावी तशी सजवलेली.

झालं होतं असं, की गेनूनं मशिनं बैलाच्या रीतीनं विकली होती. बैल घेताना गिऱ्हाईक म्हणतं, पंधरा दिवस औताला जुंपून बघतो, नाही पटला तर परत. गेनूनं तोच बोल दिला. लोकांनी मशिनं नेली, पंधरा दिवसांत वर्षाच्या शेवया करून घेतल्या, भावकीच्याही करून दिल्या, आणि दिल्या बोलाप्रमाणे परत घेऊन आले.

तात्यांनी एका म्हाताऱ्याला काकुळतीला येऊन विचारलं, "बाबा, खोड काय निघाली, ते तरी सांगा."

म्हातारा मशीनवरून हात फिरवत म्हणाला, "खोड? छ्या! लई गुनी जनावर हाय. पर आता घरी काम न्हाई ना त्याला!"

*

पोपट मात्र रोख विकायचा. शेवगावकडची तेरा गावं त्यानं पहिल्या उन्हाळ्यात घेतली, प्रत्येक गावात एक-एक मशीन खपवलं आणि सांगितलं, "तात्या, ही नुसती पेरणी आहे. पुढच्या साली पीक बघा. एकीनं घेतलं म्हणजे शेजारीण घेतल्याशिवाय राहत नाही."

पुढच्या साली तो गेला. पहिल्याच गावात बायांनी त्याला ओळखलं. गूळपाणी दिलं. म्हणाल्या, "बरं झालं आलात. आपलं मशीन जरा घट्ट फिरतंय. तेवढं बघून द्या."

"आपलं" म्हणजे सगळ्या गावाचं! एकीनं घेतलेलं मशीन आळीत फिरलं, आळीतून वाड्यावस्त्यांवर गेलं, मारुतीच्या देवळात मुक्कामाला राहिलं. मूळचं कोणाचं ते आता कोणाला सांगता येईना. घेणारी बाई स्वतःच ते मागायला दुसऱ्याच्या दारी जायची. पोपटानं तेराही गावं पालथी घातली. सगळीकडे तेच. "मशीन? हाय की आपल्या गावात!"

संध्याकाळी तो कारखान्यात आला, मशिनांचं गाठोडं खाली ठेवलं आणि तात्यांसमोर हात जोडून उभा राहिला.

"तात्या, एक विनंती आहे."

"बोल."

"मशीन एवढं चांगलं बनवू नका!"

*

सगळ्यांत जास्त मशिनं विकली ती जमनामावशीनं. ती कासारीण. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन नगरच्या आसपासच्या वाड्यांवर फिरायची. बाईमाणूस एजंट, म्हणून तात्या कचरत होते. पण काकी म्हणाल्या, "आत तर धाडा."

जमनामावशी आत गेली आणि दोन तास बाहेर आली नाही. मी उंबऱ्याशी होतो. मशीनचा एक शब्द नाही! तिनं काकींचा हात हातात घेतला, जुन्या बांगड्या उतरवल्या, नव्या भरायला लागली, आणि दोघी माहेरच्या गोष्टी बोलत बसल्या. उजव्या हातात बांगडी चढेना. मावशीनं मनगट दाबून पाहिलं, काकींनी ओठ आवळले. नंतर कपबशी वाजली. एकदा नाही, दोनदा!

जाताना मावशी तात्यांना म्हणाली, "शेट, बायकूला उजव्या हाताच्या बांगड्या एक नंबर मोठ्या लागत्यात. ध्यानात ठिवा."

ती गेल्यावर तात्या मला म्हणाले, "बघितलंस? मशिनाचं काम घ्यायला आली आन् मलाच बांगड्या इकायला बघती. ही पुढं जानार!"

ती पुढं गेलीच. पण मी त्या दिवसापासून काकींच्या मनगटाकडं बघायला लागलो. कधी त्यावर निळ्या लुगड्याच्या चिंधीची पट्टी असायची. शेवया करताना वळी मध्येच तुटायची. मग काकी इकडंतिकडं बघायच्या आणि तुटलेले तुकडे पटकन कणकेत दाबून टाकायच्या.

मी कोणाला बोललो नाही. मी कुठं बोलायचो!

*

मग दुष्काळाचं साल आलं. गहू रेशनवर मोजून मिळायचा, त्याच्या शेवया कोण करणार? आमच्या गावच्या बाया रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसल्या होत्या. तात्या लेथवर घणांचे दांडे आणि पाण्याच्या हापशांची दुरुस्ती करायला लागले. मशिनं भिंतीशी रचून ठेवली. गेनू घोडेगावच्या चारा छावणीवर गेला. पोपट टॉकीजच्या टांग्यात परत गेला, पण टॉकीजही बंद पडलं.

येत राहिले ते फक्त गुरुजी. ते निवृत्त शिक्षक, आमचे सगळ्यांत सरळ एजंट. परीक्षेत काकींनी त्यांना विचारलं होतं, "मशीन किती वर्सं टिकंल?" आणि गुरुजी म्हणाले होते, "सांगता येणार नाही. मी अजून वापरलेलं नाही." त्यावर लगेच चहा मिळाला होता!

त्या सालीही गुरुजी दर शनिवारी चालत यायचे, धुतलेल्या टोपीत, आणि तात्यांच्या हातात आठवड्याचा अहवाल द्यायचे. सुंदर अक्षरात लिहिलेला. 'विक्री : शून्य. कारण : पाऊस नाही.' पुढच्या शनिवारी परत तेच. एकदा तात्या म्हणाले, "गुरुजी, एवढ्या उन्हात कशाला येता? आमाला कळतंय की शून्य हाय."

गुरुजी म्हणाले, "शून्य आहे म्हणून आठवडा भरला नाही, असं थोडंच आहे?"

काकी त्यांना कोरा चहा द्यायच्या. साखर नसायची. कपबशी मात्र वाजायची. त्या आवाजाची मला आज फार आठवण येते.

*

पुढच्या साली पाऊस झाला. शेतं हिरवी दिसायला लागली. पण पीक घरात येऊन लोक मशीन घ्यायला उन्हाळा उजाडणार होता, आणि तोवर तात्यांच्या हातात पैसा नव्हता. दसऱ्याला पंधरा दिवस असताना त्यांनी मला लेथवरून हाक मारली. माझ्याकडे न बघता, कापडानं हात पुसत बोलले.

"किस्ना, दसऱ्यापासनं तुजा पगार मला झेपायचा न्हाई. कमिशनवर ऱ्हा."

मी मान हलवली.

"तसं न्हाई. काकीपुढं बसावं लागंल. तुला सोडलं तर बाकीचे काय म्हनतील? आन् पानी मिळालं तर..." पुढचं ते बोलले नाहीत.

पुढचं मला ठाऊक होतं. दोनच दिवसांनी आमच्या गावचा मुकादम कारखान्यात आला. गोणपाटात गुंडाळलेला कोयता त्यानं माझ्या पुढ्यात ठेवला. माझाच कोयता. "तुज्या बापानं धाडलाय. धार लावून ठिव म्हनला. दसरा झाला की ट्रक निघल. तू येनार का दुसरा बघू, तेवढं सांग."

मी म्हणालो, "चार दिवसांनी सांगतो." मुकादम हसला. "बोलाया शिकला की रं नगरात!"

पोपटाला कळलं तसा तो धावत आला. त्यानं मला तीन वाक्यं दिली. पहिलं नमस्काराचं, दुसरं मशीनच्या गुणाचं, तिसरं गिऱ्हाइकाच्या कौतुकाचं. "एवढी तीन म्हण. तीन वाक्यांनी कोणी मरत नाही," म्हणाला. मी चार दिवस ती तीन वाक्यं घोकत होतो. लेथवर, नळावर, देवळात. हात मात्र दुसरंच काही करत होते. दुपारच्या सुट्टीत तात्या जेवायला गेले की मी लेथवर उभा राहायचो.

परीक्षेच्या दिवशी बाहेर गर्दी. तात्या, पोपट, बांगड्यांच्या पेटीवर बसलेली जमनामावशी, आणि शनिवार नसतानाही आलेले गुरुजी. मी आत गेलो. पैलवानाचा सागवानी पाट मांडला. मशीन आवळलं. समोर काकी, उजव्या मनगटाला निळी चिंधी.

काकी म्हणाल्या, "बोल."

पहिलं वाक्य आठवेना. दुसरं आठवलं, पण पहिल्याशिवाय ते कसं म्हणायचं? बाहेरून पोपट कुजबुजला, "नमस्कार म्हण, नमस्कार!" मला तेही जमलं नाही.

मी कणकेचा गोळा घातला आणि पाट फिरवून हँडल काकींच्या डाव्या हाताकडं आणलं.

हँडल नेहमीचं नव्हतं. वीतभर जास्त लांब केलं होतं. मुठीच्या जागी लोखंडी दांडी असते, तिथं जाड, गोल लाकूड बसवलं होतं, बोटांत सैल फिरणारं.

काकींनी आधी सवयीनं उजवा हात लावला. मग तो काढून डावा लावला. एक फेरा दिला. दुसरा दिला. शेवया खाली उतरायला लागल्या. काकी फिरवत राहिल्या. गोळा संपला, तरी दोन फेरे रिकामे फिरवले. मग मुठीवरून अंगठा फिरवला.

"लाकूड घासून गुळगुळीत झालंय. मूठ कशाची रं ही?"

"कोयत्याची."

"कुनाच्या?"

"माज्या."

काकी माझ्याकडं बघत राहिल्या. मी पाटाकडं.

"दुसरा गोळा घाल," त्या म्हणाल्या.

मी घातला. मग तिसरा. बाहेर सगळे कान देऊन उभे. ना तांब्या वाजत होता, ना कपबशी. फक्त मशीनचा आवाज. शेवटी तात्यांना राहवेना. त्यांनी दारातून डोकं आत घातलं.

"अगं, झालं काय? पोरगं पास का नापास?"

काकींनी डाव्या हातानं हँडल धरून ठेवलं, उजव्या हातानं कमरेची चंची सोडली आणि त्यातल्या घडी घातलेल्या नोटा उंबऱ्यावर ठेवल्या.

"ह्ये मशीन मी घेतलं."

तात्या नोटांकडं बघतात, मशीनकडं बघतात, माझ्याकडं बघतात. "आपलंच मशीन तू इकत घेतीस?"

"इकत न्हाई तर काय! पोरगं कमिशनवर हाय न्हवं?" काकी परत फिरवायला लागल्या. "आन् चहा आज तुमी टाका. माजा हात गुतलाय."